ताटाची उंची कोणी ठरवली?

आमची दादी ज्याला त्याला 'हायब्रिड' म्हणायची. जिना चढून धापा टाकणारा नातू हायब्रिड, पहिल्या पावसात तळ सुटलेली चप्पल हायब्रिड, पाणी घातलेलं दूध हायब्रिड. "ये सारी औलाद हायब्रिड है बाबा," हे आमच्या पिढीविषयी तिचं एकूण मत. हे काही आमच्याच घरात होतं असं नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही जातीधर्माच्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी हा शब्द त्याच अर्थाने ऐकायला मिळतो. वरून भरलेलं, आतून पोकळ.

एका बियाण्याचं नाव असं टोमण्याचं का झालं? दादीची पहिली तक्रार भाकरीबद्दल होती. थापताना कडा चिरतात, चव लागत नाही, सकाळची भाकरी संध्याकाळी वातड होते. पण तिची खरी तक्रार दुसरीच होती. अब्बांनी पहिल्यांदा संकरित ज्वारी केली त्या वर्षी घरात पोती जास्त आली. दादीने पोती बघितली, मग गोठ्यामागची कडब्याची गंजी बघितली आणि विचारलं, "दाना तो आया, ढोरां क्या खाना?"

घरी दोन बैल, एक म्हैस आणि पाच-सहा शेळ्या होत्या. अब्बांकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर शोधत मी बऱ्याच उशिरा वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांपर्यंत गेलो, आणि आज माझं मत असं आहे की दादीचा प्रश्न बियाणं तयार होतानाच विचारायला हवा होता. पीक बुटकं करणं ही चूक नव्हती. ते कुणाच्या सोयीने किती बुटकं झालं आहे, हे न पाहता आपण ती उंची जशीच्या तशी उचलून आणली, हे चुकलं.

थोडं विज्ञान सांगतो, कारण त्याशिवाय मुद्दा कळायचा नाही.

झाडाची उंची हा आनुवंशिकीच्या अभ्यासाचा अगदी पहिला धडा आहे. मेंडेलने मठाच्या बागेत वाटाण्याचे जे सात गुण तपासले त्यातला एक उंचीचा. उंच आणि बुटक्या वाटाण्याच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळी झाडं उंच आली. त्यांच्या पुढच्या पिढीत ७८७ उंच आणि २७७ बुटकी, म्हणजे साधारण तिनास एक. हे त्याने १८६६ साली छापलं. पण त्या बुटक्या झाडांत नेमकं काय बिघडलं होतं ते कळायला १९९७ साल उजाडलं. उंची वाढवणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक तयार करणारं एक जनुक त्यांच्यात अधू होतं.

या जिबरेलिनचा शोधही मजेदार आहे. जपानमध्ये भाताला एक रोग पडायचा. रोपं भराभर उंच व्हायची, फिकी पडायची आणि लोळायची. शेतकरी त्याला 'वेडं रोप' अशा अर्थाचं नाव देत. १९२६ साली कुरोसावा या संशोधकाने दाखवलं की एका बुरशीतून येणारं द्रव्य हे करतं. पुढे कळलं की तेच द्रव्य झाड स्वतःही थोडं थोडं बनवतं आणि त्याच्यावरच वाढतं.

आता गव्हाकडे येऊ. जुना गहू उंच होता. त्याला भरपूर युरिया दिला की तो आणखी वाढायचा, ओंबी भरली की वजनाने आडवा पडायचा. पीक लोळलं की दाणा गेलाच. खत असूनही उत्पन्न वाढत नव्हतं ते या कारणाने. यावरचा उपाय जपानमध्ये होता. इनाझुका या पैदासकाराने तयार केलेला 'नोरिन १०' हा गहू १९३५ साली प्रसारित झाला, उंची जेमतेम दोन फूट. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, सॅलमन नावाच्या अमेरिकी कृषितज्ज्ञाने त्याचं बी अमेरिकेत नेलं. तिथे व्होगेल यांनी त्याचे संकर केले आणि ते बी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेलं. मार्च १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले. त्यानंतर स्वामीनाथन आणि इतरांच्या प्रयत्नांनी सोनोरा ६४, लेर्मा रोहो हे वाण इथे रुजले. १९६६ साली तर मेक्सिकोहून १८,००० टन बी आणलं गेलं. १९६४-६५ मध्ये देशात सव्वाकोटी टनांच्या आसपास गहू पिकला होता, १९६७-६८ मध्ये तो साडेसोळा दशलक्ष टनांवर गेला. टपाल खात्याने १९६८ मध्ये गहू क्रांतीचं तिकीट काढलं.

या गव्हाच्या बुटकेपणाचं कारण १९९९ साली स्पष्ट झालं. झाडाच्या पेशीत काही प्रथिनं पहाऱ्यावर बसलेली असतात, ती वाढ रोखून धरतात. जिबरेलिनचा निरोप आला की पहारेकरी बाजूला होतो आणि झाड वाढतं. नोरिनच्या गव्हात जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने या पहारेकऱ्याचा कानच गेला आहे. निरोप येतो, त्याला ऐकू येत नाही, तो जागचा हलत नाही. या गव्हावर बाहेरून जिबरेलिन फवारलं तरी तो वाढत नाही. भाताच्या बुटक्या जातींचं, म्हणजे १९६६ साली फिलिपिन्सच्या संशोधन संस्थेने दिलेल्या 'आयआर ८' वगैरेंचं, दुखणं वेगळं. त्यांचे कान शाबूत आहेत, निरोपच कमी तयार होतो. बाहेरून दिला तर भात उंच होतो.

हे सगळं सांगण्याचं कारण, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला एक संदेश फिरतो. बुटका गहू प्रयोगशाळेत जनुकं घुसडून केलेला आहे, म्हणून साखर वाढते, सांधे दुखतात, खपली खा. खपली जरूर खा, चांगली लागते. पण नोरिनमधला बदल जपानच्या जुन्या गावरान गव्हात निसर्गतः झालेला आहे. माणसाने परागकण उचलून संकर केले, एवढंच. दादीच्या 'हायब्रिड' शब्दामागे निदान अनुभव होता. या संदेशांमागे तोही नाही. बुटक्या गव्हावर टीका करायची तर ती दुसऱ्या जागी करता येते, आणि तिथे ती खरी आहे.

ती जागा अशी. बुटकं झाड जास्त अन्न तयार करतं असं नाही. मातीतून, हवेतून, उन्हातून जी कमाई व्हायची ती जवळपास तेवढीच राहते. बदलते ती वाटणी. जुन्या उंच गव्हात जमिनीवरच्या एकूण वजनाचे तीस-पस्तीस टक्के दाण्यात जायचे, बाकी काडात. बुटक्यात दाण्याचा वाटा पन्नास टक्क्यांच्या घरात गेला. म्हणजे बापाच्या मिळकतीत भर पडली नाही, वाटणीपत्र नव्याने लिहिलं गेलं. आणि वाटणी नव्याने लिहिली की कुणाचा तरी हिस्सा कापला जातो. इथे तो जनावरांचा कापला गेला.

पंजाबात हे फारसं बोचलं नाही. कालव्याचं आणि विहिरीचं पाणी होतं, जनावरांना बरसीम होता, नांगराला ट्रॅक्टर येत होता. दाणा वाढला तो निव्वळ नफा. शिवाय भूक खरी होती हे विसरून चालणार नाही. अमेरिकेतून जहाजं आली नाहीत तर रेशन थांबेल, अशी अवस्था देशाने पाहिली आहे. शहरात बसून हरितक्रांतीला नावं ठेवणाऱ्यांबरोबर मी नाही.

पण ज्वारीची गोष्ट वेगळी आहे, आणि आपली आहे.

ज्वारी मुळात आफ्रिकेची. गुलामांच्या जहाजांबरोबर ती अमेरिकेत पोचली. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्सास, ओक्लाहोमाच्या शेतकऱ्यांना उंच ज्वारीत मधूनच आपोआप ठेंगणी ताटं आलेली दिसली. त्यांनी ती जपली, कारण उंच ताटाची कणसं हाताने खुडायला मजूर महाग पडत होते. पुढे कापणीचं यंत्र, कम्बाइन, आलं. यंत्राच्या तोंडाला पीक एका उंचीचं आणि कमरेएवढं हवं. मग ज्वारी त्या मापाची करण्यात आली. क्विन्बी आणि कार्पर यांनी १९५४ साली दाखवलं की ज्वारीची उंची मुख्यतः चार जनुकांवर ठरते. त्यातली जितकी जास्त बिघडलेली तितकं ताट ठेंगणं. या जनुकांचं वैशिष्ट्य असं की पानं तितकीच राहतात, पेरं तितकीच राहतात, पक्व होण्याचे दिवसही बदलत नाहीत. फक्त पेरं आखूड होतात. (अजून एक मौज. वेगवेगळ्या जनुकांमुळे बुटक्या झालेल्या दोन वाणांचा संकर केला तर पोर उंच निघू शकतं. आमच्या खानदानात हे दोनदा घडलंय, पण त्याचं कारण जनुकं की मामाकडचं दूध, यावर अजून एकमत नाही.)

त्याच सुमारास अमेरिकेत ज्वारीचा संकर व्यापारी पातळीवर करण्याची युक्ती सापडली. नरवंध्य मादी वाण वापरायचा, म्हणजे हाताने फुलोरा काढत बसायला नको. आपल्याकडे रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ज्वारी संशोधनाला वेग आला आणि १९६४ साली देशातला पहिला संकरित वाण जाहीर झाला, सीएसएच-१. त्याची आई होती सीके ६०. या 'सीके'चा अर्थ मला कळला तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. सीके म्हणजे कम्बाइन काफिर. काफिर हा दक्षिण आफ्रिकेकडच्या ज्वारीचा एक प्रकार. (हे नाव गोऱ्यांनी तिथल्या माणसांना दिलेल्या शिवीवरून पडलेलं आहे, आणि ती शिवीही मुळात अरबी शब्दावरून उचललेली. तो स्वतंत्र लेखाचा विषय.) आणि कम्बाइन म्हणजे तेच यंत्र.

आमच्या गावात अब्बांनी ज्या मापाची ज्वारी पेरली, ते माप टेक्सासमधल्या यंत्राच्या तोंडाचं होतं. गावात कम्बाइन नव्हतंच. कणसं बायका विळ्याने खुडत होत्या, आणि ताट नेऊन घालायचं होतं बैलापुढे.

इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण ती अब्बांवर अन्याय करणारी ठरली होती. संकरित ज्वारीच्या शेतात मधूनच एखादं ताट बाकीच्यांच्या डोक्यावरून डोकावायचं. भेसळीचं बी आणलं, असं सगळे अब्बांना म्हणायचे. भेसळही असेल. पण २००३ साली ज्वारीच्या बुटकेपणाचं एक मुख्य जनुक उलगडलं तेव्हा वेगळीच गोष्ट बाहेर आली. हे जनुक ऑक्सिन नावाचं संप्रेरक शेंड्याकडून खाली वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं आहे. बुटक्या ज्वारीत त्या जनुकाचा एक तुकडा दोनदा लिहिला गेला आहे, म्हणून वाहतूक बिघडते आणि खालची पेरं आखूड राहतात. पण हा दोनदा लिहिलेला तुकडा टिकाऊ नाही. पुनरुत्पादनात कधीतरी तो गळून पडतो, जनुक पूर्ववत होतं आणि ताट उंच येतं. बुटकेपणा मोडून झाड आपल्या जुन्या उंचीकडे परत जातं. दादी ती उंच ताटं वेगळी बांधून म्हशीला घालायची. वाण शुद्ध की अशुद्ध, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

गावरान खरीप ज्वारी हात वर केलेल्या माणसाच्याही वर जायची. दाण्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा कडबा यायचा, पाचुंदे बांधून गंजी लागायची, आणि ती पुढच्या पावसापर्यंत पुरवायची असायची. ज्वारी म्हणजे एक पीक नव्हतं, दोन पिकं होती. एक माणसाचं, एक जनावराचं. घरातली पोती पुरुष मोजायचे, पेंढ्या बायका मोजायच्या, कारण दूध, शेण, गोवऱ्या, शेळीचं करडू हा व्यवहार त्यांच्या हातात होता. ज्याला जमीन नाही पण दारात दोन शेळ्या आहेत, त्याचाही संबंध दाण्यापेक्षा वैरणीशी जास्त. आमच्या मोहल्ल्यात अशी घरं निम्म्याहून अधिक होती. बकरी ईदच्या आधी करडं विकून वर्षाचा कपडालत्ता व्हायचा. 'हेक्टरी उत्पन्न' म्हणून जो आकडा छापला जातो त्यात ही माणसं कुठेच नसतात.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारीचा त्यांनी हिरीरीने प्रसार केला. धान्याच्या बाबतीत परावलंबी असलेल्या राज्याच्या प्रमुखाने ते करणं स्वाभाविकच होतं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल 'मिलो' खाल्लेली पिढी आजही ती चव विसरलेली नाही. मिलो हीही ज्वारीच, तिच्या ठेंगण्या जाती त्याच यंत्रासाठी घडवलेल्या. अब्बा म्हणायचे, मिलो खाल्ल्यावर हायब्रिडची भाकरी बासुंदी वाटली. म्हणून मी दाण्याच्या बाजूने दिलेल्या कौलाला हसणार नाही.

पण दुसरा कौल शेतकऱ्याने दिला, आणि तो तितकाच बोलका आहे. संकरित वाण लवकर तयार व्हायचे, शंभरेक दिवसांत. म्हणजे नेमके परतीच्या पावसात सापडायचे. कणसावर बुरशी चढायची, दाणा काळा पडायचा, बाजारात भाव पडायचा. कडबा आधीच कमी, तोही भिजून काळा. दाणाही गेला आणि वैरणही गेली, तर ज्वारी करायची कशाला? सोयाबीन आलं आणि खरिपाची ज्वारी मराठवाडा-विदर्भातून बघता बघता उठून गेली.

रब्बीत मात्र हायब्रिडला पाय रोवताच आला नाही. तिथे टिकली ती मालदांडी, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतूनच निवडलेली एम ३५-१. ती उंच आहे, उशिरा येते, नुसत्या ओलीवर काळ्या रानात निघते, भाकरी गोड आणि कडबा पांढराशुभ्र. हेक्टरी दाण्याच्या स्पर्धेत ती हरेल. पण दुष्काळी वर्षात पेंढीचा शेकडा भाव असा चढतो की नुसत्या कडब्यावर ज्वारी केल्याचं समाधान मिळतं. पाऊण शतकाहून जास्त काळ शेतकऱ्याने तिला सोडलेलं नाही. याला लोक 'मागासपणा' म्हणायचे. मला तो चोख हिशेब वाटतो.

संशोधकांनाही हे पुढे उमगलं. नंतरचे संकरित वाण पहिल्यापेक्षा उंच केले गेले. गव्हातही बहिऱ्या पहारेकऱ्याची एक अडचण कळली होती. त्या गव्हाचा पहिला कोंबच आखूड असतो, खोल ओलीत पेरला तर वर येत नाही. म्हणून मेक्सिकन गहू आला तेव्हा आपल्या शेतकऱ्यांना उथळ पेरायला शिकवावं लागलं. ज्याच्याकडे पाणी आहे त्याला उथळ पेरणी परवडते, कोरडवाहूवाल्याला नाही. आता असंही जनुक हाती लागलं आहे जे काड आखूड करतं पण कोंब आखूड करत नाही. त्याची फोड २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे बुटकेपणाचे मार्ग अनेक आहेत, आणि त्यातला कुठला घ्यायचा हे निवडावं लागतं. निवडणाऱ्यासमोर त्या वेळी कुणाचं शेत होतं, हा प्रश्न माझ्या दृष्टीने जनुकाइतकाच महत्त्वाचा आहे.

सरकारच्या हिशेबात ही जाण अजून अर्धीच उतरली आहे. केंद्र सरकार ज्वारीचे दोन हमीभाव जाहीर करतं. २०२४-२५ साठी हायब्रिडला क्विंटलला ३,३७१ रुपये, मालदांडीला ३,४२१. फरक पन्नास रुपयांचा. तोही दाण्याचा. कडब्याला हमीभाव नाही. पीक कापणी प्रयोगात वजन होतं ते दाण्याचं, आणि विम्याचं ठरतं त्याच्यावर. दाणा बरा भरला आणि कडबा काळा पडला, तर कागदावर त्या शेतकऱ्याचं काहीच गेलेलं नसतं.

माझा चुलत भाऊ अजून गावी शेती करतो. बैल गेले, एक म्हैस आणि शेळ्या आहेत. रब्बीसाठी तो परभणी आणि राहुरीच्या विद्यापीठांची पत्रकं आणतो. परभणी मोती, फुले रेवती, फुले वसुधा. त्यात प्रत्येक वाणापुढे आता दोन रकाने असतात, धान्य किती आणि कडबा किती. मागच्या दिवाळीत मी गेलो तेव्हा तो पत्रक घेऊन ओट्यावर बसला होता. बोट दुसऱ्या रकान्यावरून खाली सरकत होतं. म्हटलं, "पहिला रकाना बघितलास का?" म्हणाला, "भाईजान, ते दुकानदार सांगतोच की."